परदेशात वाढणाऱ्या मुलीला बापाचं गाव आपलं वाटावं म्हणून काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय ते असं: गाव अमरावती जिल्ह्यात, नोकरी म्युनिकला, बायको जर्मन, मुलगी सात वर्षांची. वडील गेले, आई गावी एकटी. दोन वर्षांआड तीन आठवडे येता, पण मुलगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसते आणि "घरी कधी जायचं" म्हणून विचारत राहते. तिला गाव आपलं वाटावं यासाठी काय करू, आणि चार एकर वावर ठेवू की विकू, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

भाऊ, मी तुमच्या बाजूची नाही, पलीकडची आहे. ज्यांच्या अंगणात अशी लेकरं येऊन उतरतात त्यांच्यातली. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात माझं माहेरही आणि सासरही. जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेला. भाऊ नेदरलँडला असतो, त्याला दोन मुलं. मुलगी गावात रमते, मुलगा रमत नाही. एकाच घरात, एकाच आईबापाजवळ वाढलेली दोघं. तेव्हा मी सांगते तसं केलं की जमतंच, असं समजू नका.

आधी मुलीला गाव दाखवणं बंद करा. परदेशातून आलेल्या लेकराचं काय होतं ते मी बघत आले आहे. आल्या आल्या भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग गल्लीतल्या बाया बघायला येणार, गाल ओढणार, "मराठी बोलून दाखव" म्हणणार. दुसऱ्या दिवसापासून गाडी करून शेगाव, लोणार, चिखलदरा. लोणारचं विवर बघण्यासारखं आहेच, दाखवा, पण त्यानं गाव आपलं होत नाही. निघताना घरातले सगळे रडतात, ते लेकरू सोडून. त्यानं का रडावं? तीन आठवडे त्याला कुणी काम सांगितलं नाही, कुणी रागावलं नाही, त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. अशा ठिकाणी मोठा माणूससुद्धा पाहुणाच राहतो.

म्हणून तिला कामाला लावा. माझ्या भाचीला माझ्या आईनं लावलं होतं. डिसेंबरचे दिवस, तुरीच्या हिरव्या शेंगा भरलेल्या. आईनं टोपलंभर शेंगा तिच्यापुढे ओतल्या आणि म्हणाली, "एवढ्या सोलशीन तं रातच्याले सोल्याची भाजी, नाई तं नाई." पोरीनं अर्ध्या सोलल्या आणि उठून कुत्र्यामागे गेली. रात्री आईनं खरोखरच सोल्याची भाजी केली नाही, साधं वरण वाढलं. भाऊ चिडला, "आई, लेकरू दोन वर्षांनी आलं ना गं." आई म्हणे, "मंग? शेंगा काई दोन सालानं नाई आल्या." वहिनीला ते लागलं असणार, पण ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पोरीनं टोपलं संपवलं, निम्मे सोले कच्चेच तोंडात टाकून का होईना. त्या सुट्टीत ती पहिल्यांदा आजीवर रुसली, भांडली आणि आजीजवळच झोपली.

काम कोणतं द्यायचं ते तुमच्या आईला ठरवू द्या. संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या, सकाळी अंगणात सडा टाकायचा, गाय असेल तर तिच्यापुढे कुटार टाकायचं. आणि दहा रुपये हातात देऊन एकटीला दुकानात पाठवा. दुकानदार विचारणारच, "कोनाची पोट्टी व्हय वं तू?" याचं उत्तर तिला यायला हवं. आजोबांचं नाव, आडनाव, घर कुठल्या बाजूला. आमच्या खेड्यात माणसाला पत्ता लागतो तो असा. म्युनिकमध्ये तिला घराचा पत्ता पाठ असेलच की.

यात सगळ्यात आडवे येता ते तुम्ही. वाईट वाटून घेऊ नका. बाप जवळ असला की लेकरू बापाकडेच बघतं, आजी बोलली की बाप अर्थ सांगतो, आणि आजी-नातीला एकमेकींशी बोलायची गरजच उरत नाही. म्हणून पुढच्या खेपेला चारपाच दिवस तुम्ही दोघं नवराबायको मेळघाटात जा, नागपूरला जा, कुठंही जा, आणि पोरीला आजीजवळ सोडा. पहिल्या रात्री रडेल. फोन आला तरी परत येऊ नका. ताप-उलटी असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी डॉक्टरचा नंबर, उकळलेलं पाणी आणि मीठसाखरेची पुडी घरात ठेवून जा. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, बाहेरच्या पोटाला ते बाधू शकतं.

बोलीबद्दलही सांगते, कारण शिक्षिका असूनही माझं मत उलटं आहे. तिकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या वर्गात मुलं पुस्तकातली मराठी शिकतात, चांगलंच आहे, वाचता-लिहिता येतं. पण तुमची आई तशी बोलते का? भाचा "मला पाणी हवे आहे" म्हणायचा आणि माझी आई हसून लोटपोट व्हायची. तिला कौतुक वाटायचं, पण पोराला वाटलं की आपलं काहीतरी चुकतंय. तो हळूहळू बोलेनासा झाला. तुम्ही घरी मुलीशी वऱ्हाडीतच बोला, तुम्ही आईशी फोनवर जसं बोलता तसं. "मले, तुले, काय करून रायली" हे कानावर पडू द्या. शाळेत गुण कमी पडायची भीती तर तुम्हाला नाहीच.

फोन रोज करा, पण गप्पांचा नको. "आजीला हाय म्हण" हा फोन लेकरं टाळतात आणि त्यांचं बरोबर आहे. हिवाळ्यात तिकडे दुपारचे दोन वाजले की इकडे साडेसहा. मुलगी शाळेतून आलेली, आई चुलीपुढे बसलेली. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा, आईनं भाकरी थापायच्या, पोरीनं अभ्यास करायचा. कुणी बोललं तर बोललं. मधूनच आई विचारेल, "काय लिवून रायली?" तेवढं पुरतं.

आता केव्हा यायचं. मे महिन्यात आणू नका, पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि लेकरू कूलरपुढून हलत नाही. डिसेंबर चांगला, तूर, कापूस, हरभरा सगळं वावरात असतं, हवा गोड असते. पण तुमच्याकडे एक संधी आहे जी माझ्या भावाला दरवर्षी मिळत नाही. बव्हेरियातल्या, म्हणजे तुमच्या म्युनिककडच्या, शाळांची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. नेदरलँडच्या शाळा बहुतेक वर्षी त्याआधीच उघडतात. पोळा २०२४ साली २ सप्टेंबरला होता, २०२५ साली २२ ऑगस्टला. म्हणजे तुमची मुलगी बहुतेक वर्षी पोळ्याला येऊ शकते, शाळा न बुडवता. तिकडे शाळा बुडवून गावाला जाता येत नाही, दंड होतो, हे भाऊ नेहमी सांगतो.

मोठा पोळा बघायचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात. हे तिला तिच्या हातानं करू द्या. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशीची, तान्ह्या पोळ्याची. हा सण आपल्या विदर्भातलाच, आणि तो लेकरांचाच. लाकडी बैल सजवायचा, ओढत न्यायचा, घरोघरी जायचं, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करायचा. गावात खरे बैल कमी होत चालले, ट्रॅक्टर आले, तरी तान्हा पोळा भरतो, कारण त्याला लाकडी बैल पुरतात. सुताराला महिनाभर आधी सांगून ठेवा. आणि तो बैल म्युनिकला नेऊ नका, शोकेसमध्ये जाईल. तो गावच्या घरी माळ्यावर राहू द्या, तिच्या नावाचा. पुढच्या वर्षी ती आली नाही तर चुलतभावाला ओढू द्या, आणि त्यानं शिंग मोडलं तर तिला फोनवर भांडू द्या.

चुलत-आते-मामे भावंडांचं विसरू नका. आजी किती वर्षं पुरणार? पुढे नातं टिकतं ते बरोबरीच्यांशी. अडचण अशी की तीही आता गावात नसतात, अमरावती-नागपूर-पुण्याला शिकायला असतात. त्यांना पोळ्याला दोन दिवस तरी बोलवून घ्या, तिकिटाचे पैसे तुम्ही द्या. चॉकलेटांच्या बॅगेपेक्षा स्वस्त पडेल.

पोळ्याच्या दिवसांत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कमरेएवढी झालेली असते, साप निघतात, आणि फवारणी चालू असते. बूट आणि बॅटरीशिवाय संध्याकाळी बाहेर सोडू नका, आणि ज्या वावरात फवारा चालू आहे किंवा नुकताच झाला आहे तिथे तर नाहीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. हे मी घाबरवायला लिहीत नाही. मुलीलाही हे कळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

सात वर्षांच्या मुलीला सगळं सांगू नका. पण ती चौदा वर्षांची होईल आणि एके दिवशी स्वतःच इंटरनेटवर विदर्भ शोधेल. तिथे तिला पहिल्यांदा दिसतील शेतकऱ्यांच्या आत्महत्या. बापानं आपल्याला पुरणपोळी आणि सजवलेले बैलच दाखवले, हे तेव्हा कळलं तर ती गावापासून नाही, तुमच्यापासून दुरावेल. त्यापेक्षा हळूहळू कळू द्या. कापसाला भाव काय मिळाला हे घरात बोललं जातं तेव्हा तिला उठवू नका. कुणाच्या घरी बाप नाही आणि का नाही, हे विचारलं तर खरं उत्तर द्या. जातीचंही तसंच. कामाला आलेली बाई पायरीवरच का बसते, तिचा कप वेगळा का, हे बाहेरून आलेल्या लेकराला आपल्याआधी दिसतं. भाचीनं माझ्या आईला हे तोंडावर विचारलं होतं. आई गप्प झाली. कप मात्र आता वेगळा नाही. गाव आपलं म्हणायचं तर गावाला असं विचारायचा हक्कही आपला.

तुमच्या बायकोबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण एवढंच: तिला तीन आठवडे साडीत आणि चुलीपुढे बसवून ठेवू नका. स्वच्छ संडास-बाथरूम, एक खोली जिला कडी लागते, आणि दुपारी दोन तास कुणी बोलायला येणार नाही याची हमी. आई कंटाळलेली असेल तर मुलगी गावाशी नातं जोडत नाही, आईची बाजू घेते.

आणि वावर. मुलीला ओढ लागावी म्हणून चार एकर ठेवत असाल तर ठेवू नका, सातबाऱ्यानं ओढ लागत नाही. पण विकायच्या आधी हे माहीत असू द्या: परदेशात राहणाऱ्या भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्याला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला) शेतजमीन वारसानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. म्हणजे एकदा विकली की मुलीला ती वाट बंद, आणि तुम्ही कायमचे परत आल्याखेरीज तुम्हालाही. माझं मत विचाराल तर आई आहे तोवर विकू नका, ओळखीच्या माणसाला मक्त्यानं, म्हणजे ठरीव पैशांवर कसायला, द्या आणि मक्त्याचे पैसे आईच्या हातात पडू द्या. वडील गेल्यानंतर वारस नोंद झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. परदेशी गेलेल्यांच्या घरी हे काम हमखास राहून जातं. महाभूलेखवर सातबारा घरबसल्या दिसतो, त्यावर अजून वडिलांचंच नाव असेल तर पुढच्या खेपेला पहिल्याच आठवड्यात तलाठ्याकडे जा. फेरफाराला वेळ लागतो, शेवटच्या आठवड्यावर ठेवलं तर पुन्हा दोन वर्षं जातील.