वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातली गंगा आणि दोन देशांची पाणीपाळी

प्रश्न : कृष्णेच्या पाण्यासाठी एकाच देशातील राज्यांना लवादाकडे जावे लागते. मग भारत आणि बांगलादेश हे दोन स्वतंत्र देश गंगेचे पाणी कोणत्या आधारावर वाटून घेतात? त्यांच्यात निवाडा कोण करते? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण खरे मर्म तिथेच आहे. निवाडा करणारे कोणीही नाही. १२ डिसेंबर १९९६ रोजी भारताचे तत्कालीन पंतप्रधान एच. डी. देवेगौडा आणि बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी सह्या केलेल्या गंगाजल करारात लवादाची तरतूदच नाही. तक्रार आधी दोन्ही देशांच्या प्रतिनिधींच्या संयुक्त समितीकडे जाते, तिथे सुटली नाही तर १९७२ पासून असलेल्या संयुक्त नदी आयोगाकडे आणि शेवटी दोन्ही सरकारांकडे. म्हणजे भांडणारे तेच आणि मिटवणारेही तेच.

वाद मुळात फरक्का बॅरेजचा, म्हणजे पाणी अडवून वळवणाऱ्या दरवाजांच्या बंधाऱ्याचा. गंगेचा फाटा असलेल्या हुगळीत साचणारा गाळ वाहून जावा आणि कोलकाता बंदर चालू राहावे, यासाठी पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात गंगेवर हे बॅरेज बांधले गेले व १९७५ मध्ये ते सुरू झाले. तिथून सुमारे ३८ किलोमीटरच्या कालव्याने ४०,००० क्युसेकपर्यंत (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) पाणी भागीरथीकडे, म्हणजे हुगळीच्या वरच्या भागाकडे, वळवता येते. पावसाळ्यात पाणीटंचाईची झळ कोणालाच बसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची जी अवस्था होते, तीच बांगलादेशची होते. गंगेची तिकडची शाखा असलेल्या गोराई नदीत फारसे पाणी जात नाही आणि नैर्ऋत्येकडील खुलनाच्या बाजूने समुद्राचा खारेपणा आत सरकतो. बांगलादेशचे नेते मौलाना भाशानी यांनी मे १९७६ मध्ये फरक्क्याच्या दिशेने मोठा मोर्चा काढला, तो याच हालाखीतून.

करारातली वाटणी १ जानेवारी ते ३१ मे या काळापुरती आहे आणि ती दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांनी होते. फरक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल, तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान असेल, तर बांगलादेशला ३५,००० आणि उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल, तर भारताला ४०,००० आणि बाकीचे बांगलादेशला. मात्र ११ मार्च ते १० मे या सर्वांत कठीण काळात दोन्ही देशांना एक टप्पा सोडून एक याप्रमाणे प्रत्येकी तीन टप्प्यांत ३५,००० क्युसेकची हमी आहे. समजा, एप्रिलच्या एखाद्या टप्प्यात नदीत ६०,००० क्युसेक पाणी आहे आणि पाळी बांगलादेशची आहे, तर त्याला ३५,००० मिळतील आणि भारत २५,००० वर भागवील. पुढच्या टप्प्यात याच्या उलट. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि पाळी तेव्हाच चालते, जेव्हा मोजणीवर दोघांचा विश्वास असतो. म्हणून संयुक्त समितीची पथके फरक्क्याला बॅरेजच्या खाली, कालव्यात आणि तिकडे बांगलादेशात पाकशीजवळच्या हार्डिंग पुलाशी रोजचा प्रवाह मोजून नोंदवतात. पद्मेवरचा (बांगलादेशात गंगेला पद्मा म्हणतात) १९१५ सालचा तो रेल्वेपूल आजही उभा आहे. त्याच्या खांबांजवळ घेतलेला आकडा दोन्ही देशांच्या दप्तरात जातो. माझ्या मते या करारातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. आकडा एकच असला की भांडण पाण्यावर होते, एकमेकांच्या खरेखोटेपणावर होत नाही.

प्रश्न : मग तिस्ता नदीबाबत असा करार का झाला नाही? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तिस्ता सिक्कीम आणि उत्तर बंगालमधून बांगलादेशात जाते. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले, तेव्हा मसुदा तयार होता. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी त्याला विरोध केला, त्या दौऱ्यात गेल्या नाहीत आणि सही राहून गेली. १९९६ मध्ये याच राज्याचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी ढाक्याशी बोलणी पुढे नेण्यास स्वतः हातभार लावला होता. पाणी राज्याच्या शेतातून जाते. त्या राज्याला विश्वासात न घेता दिल्लीने दिलेला शब्द टिकत नाही. उत्तर बंगालच्या शेतकऱ्यांची गरज खरी आहे आणि बांगलादेशातील रंगपूरकडच्या शेतकऱ्यांचीही तितकीच खरी आहे.

प्रश्न : गंगाजल कराराची मुदत ३० वर्षांची म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. नव्या करारात काय बदलावे, असे आपणांस वाटते? (एक वाचक, पणजी)

उत्तर : दोन गोष्टी. आत्ताचे आकडे १९४९ ते १९८८ या काळातील सरासरी प्रवाहावर बेतलेले आहेत. त्यानंतर वरच्या राज्यांतील उपसा वाढला आहे. प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला, तर दोन्ही सरकारांनी तातडीने विचारविनिमय करावा, एवढेच करार सांगतो. तेव्हा कोणी किती सोसायचे, हे आधीच लिहून ठेवायला हवे. दुसरी गोष्ट नेपाळची. कोसी, गंडक आणि घाघरा या नद्या तिकडूनच येतात आणि उन्हाळ्यातील गंगेला त्यांचाच मोठा आधार असतो, तरी नेपाळ या करारात नाही. त्याला बोलणीत घेणे अवघड आहे, वेळखाऊही आहे. पण वाटायचे पाणी जिथून येते, तो शेजारी बाहेर ठेवून फरक्क्याला फक्त असलेले पाणी वाटता येते, वाढवता येत नाही.