फोन रूट केला की फोन खराब होतो, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की बारा हजारांचा नवा फोन घेतला, कंपनीने त्यात भरून दिलेली दहा-बारा ॲप्स काही केल्या निघत नाहीत, म्हणून रूट करावा, म्हणजे फोनच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवावा, म्हणता. पण दुकानदार म्हणाला, "रूट केला की फोन गेला." त्याचं मानायचं का, असा तुमचा प्रश्न.

हेच वाक्य, शब्दाला शब्द, मी २०१२ च्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या संध्याकाळी माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची मांडणी) बांधताना ऐकलंय, सगळ्या घरासमोर. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल त्यांच्यासाठी: रूटने फोन खराब होत नाही. चुकीची फाईल चढवल्याने होतो, अर्धवट चढवल्याने होतो, आणि पावसाळ्यात खिडकीत ठेवल्याने तर नक्कीच होतो.

आमचं घर गोव्यातल्या पेडण्याचं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, प्राथमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसायचे. २०१२ च्या फेब्रुवारीत मी त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. साडेआठ हजारांचा, अँड्रॉइड २.३ वाला. मुंबईची आत्या तेव्हा रोज सकाळी एक अभंग व्हॉट्सॲपवर पाठवायची, तिच्या नोकियावर देवनागरी लिहिता यायची. आप्पांच्या फोनवर तो अभंग चौकोन होऊन यायचा. रिकाम्या चौकोनांच्या चार-सहा ओळी आणि खाली आत्याचं इंग्रजीत 'गुड मॉर्निंग'. आप्पांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझा हजार रुपयांचा जुना फोन मराठी दाखवायचा. याला का येत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मला लागलं. आज ज्यांच्या हातात फोन आल्या दिवसापासून मराठी दिसते त्यांना हे कळायचं नाही. त्या काळातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत देवनागरीचा फॉन्टच नसायचा. ओपेरा मिनीत पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' लिहून बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू केला की मराठी पानं चित्रासारखी उमटायची, तेवढा एक मार्ग होता. पण तो ब्राउझरपुरता. निरोप, नावं, गाण्यांची यादी, सगळीकडे चौकोनच. फॉन्टची फाईल सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकायची तर रूट हवा. मी रूट केला तो या एका कारणासाठी. वेग वाढवायचा किंवा खेळात फुकट नाणी मिळवायची म्हणून नाही.

संगणकाला जोडून रूट करणं पाच मिनिटांचं काम निघालं. मग सिस्टीमचं फोल्डर लिहिण्यासाठी उघडलं, मूळ फॉन्टची प्रत मेमरी कार्डावर काढून ठेवली, देवनागरी असलेली फाईल त्याच नावाने तिच्या जागी ठेवली, फाईलची परवानगी ६४४ केली, म्हणजे सिस्टीममध्ये सगळ्यांना ती वाचता यावी अशी, आणि फोन पुन्हा सुरू केला. (ही परवानगी लावायला विसरलात तर फॉन्ट दिसत नाही, किंवा फोन सुरूच होत नाही. पुढे मित्राच्या फोनवर मी ते अनुभवलं.) चौकोन गेले, अक्षरं आली. मी धावत जाऊन आप्पांना दाखवलं.

आप्पांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग 'विठ्ठल' या शब्दावर बोट ठेवलं. व सुटा उभा होता आणि त्याची ऱ्हस्व वेलांटी पुढच्या ठ च्या डोक्यावर जाऊन बसली होती. 'ज्ञान' मधला ज पाय मोडून एका बाजूला, ञ दुसऱ्या बाजूला. 'धर्म' चा रफार म वर चढलाच नव्हता, र पाय मोडून मध्येच. फॉन्टमध्ये अक्षरं होती, पण ती जोडायची कशी आणि वेलांटी अक्षराच्या आधी काढायची हे त्या अँड्रॉइडला ठाऊकच नव्हतं. बत्तीस वर्षं पोरांच्या पाटीवरची वेलांटी बरोबर करणारा माणूस तो. फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "असं वाचण्यापेक्षा न वाचलेलं बरं."

त्यानंतर महिनाभर मी दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल. अक्षरजोडणी नीट करणारं अँड्रॉइड म्हणजे ४.०, ते २०११ च्या ऑक्टोबरात आलं होतं आणि त्यात देवनागरी फॉन्टही होता. कंपनी आमच्या मॉडेलला ते देणार नव्हती. पण सायनोजेनमॉड ९ ही त्याच ४.० वर उभी असलेली कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेली फोनची सिस्टीम, होती आणि आमच्या मॉडेलसाठी कोणीतरी ती बसती करून ठेवली होती. घरी नेट रडतखडत चालायचं, म्हणून म्हापशाच्या सायबर कॅफेतून फाईल पेनड्राइव्हवर आणली, शुक्रवारी, बाजाराच्या गर्दीतून. चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, दोनदा जुळवून पाहिला. फाईल कार्डावर टाकली, बॅटरी पूर्ण भरली. जुलैतली रात्र होती. रिकव्हरीतून, म्हणजे सिस्टीम बदलायसाठी फोनमध्ये असलेल्या वेगळ्या छोट्या व्यवस्थेतून, रॉम चढवायला घेतली आणि पेडण्यात जुलैत जे हमखास होतं ते झालं, लाईट गेली. फोन बॅटरीवर होता आणि फाईल कार्डावर होती म्हणून काही बिघडलं नाही. तेच काम मी त्या क्षणी टेबलावरच्या संगणकातून केबल लावून करत असतो, तर फाईल अर्ध्यावर तुटली असती. यूपीएस नसेल तर ते काम लॅपटॉपवरच करा, आणि वारा सुटलेला असताना करू नका. हा गोव्यातल्या माणसाने गोव्यातल्या माणसाला दिलेला सल्ला आहे.

पहिल्यांदा सुरू व्हायला फोनने दहा मिनिटं घेतली. कंदिलाच्या उजेडात मी तो फिरणारा लोगो बघत बसलो होतो. आप्पा झोपले नव्हते. आत्याचा सकाळचा अभंग उघडला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुन्हा त्याच शब्दावर बोट ठेवलं. वेलांटी व वर होती, जागच्या जागी. "आतां दिसता," एवढंच म्हणाले, आणि मग अख्खा अभंग चालीत म्हटला, त्या अंधारात. त्या रॉमवर एफएम बंद पडलं आणि व्हिडिओ काढता येईना. आप्पांनी कधी विचारलंही नाही.

आता भांडणाकडे येतो. सप्टेंबरात, चवथीच्या आठ दिवस आधी, फोन चार्ज होईना. आप्पा तो पावसाळाभर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, कारण रेंज तिथेच यायची. पोर्टमधल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. वॉरंटीत होता म्हणून पणजीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्या माणसाने फोन सुरू केला, कंपनीच्या लोगोऐवजी दुसरा लोगो दिसला आणि त्याने फोन काउंटरवर परत सरकवला. "रूट केलाय. वॉरंटी गेली. मदरबोर्ड बदलावा लागेल, चार हजार." पोर्ट त्याने पाहिलंही नाही.

चवथीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही माटोळी बांधत होतो. काका वर शिडीवर, मी खालून नारळांचे आणि सुपारीचे घोस देत होतो. माझा चुलतभाऊ तेव्हा मोबाईलच्या दुकानात कामाला. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं. रूट केला की फोन गेला. काकांचा चांगला फोन याने घालवला." आप्पा तिथेच होते, बोलले नाहीत. मीही बोललो नाही, कारण सणाच्या घरात आवाज चढवायचा नसतो. पण ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

चवथ झाल्यावर म्हापशात एका छोट्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने झाकण उघडलं, भिंगाखाली पाहिलं, गंजलेलं पोर्ट डिसोल्डर करून नवं लावलं. अडीचशे रुपये. फोन तीच रॉम घेऊन २०१६ पर्यंत चालला. चार्जिंगच्या पिना हवेतल्या दमटपणाने गंजतात. सॉफ्टवेअर कोणाचंही असो, तांब्याला त्याच्याशी घेणं नसतं. सर्व्हिस सेंटरने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या, आणि माझ्या भावाने त्या गाठीवर शिक्का मारला. तुमचा दुकानदार तेच करतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत माझी भाषा नीट उमटत नसेल आणि विकणारा ती उमटवून देणार नसेल, तर झाकण उघडण्याचा हक्क माझा आहे. जुन्या घराला आपण कौलं बदलतोच ना? आधी कोणाला विचारतो?

तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. तुम्हाला रूटची गरज नाही. नको असलेली ॲप्स काढायला एडीबी, म्हणजे संगणकावरून केबलने फोनला आज्ञा देणारं साधन, पुरतं. सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डिबगिंग चालू करा, संगणकावर गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स उतरवून घ्या, आणि पॅकेज मॅनेजरच्या अनइन्स्टॉल आज्ञेत युजर शून्य असं लिहून एकेक ॲप काढा. ॲप मुळातून पुसलं जात नाही, तुमच्या खात्यापुरतं निघतं. फॅक्टरी रीसेट केलात की सगळं परत येतं, म्हणून चुकलात तरी वाट आहे. मात्र एका वेळी एकच काढा आणि पॅकेजचं नाव, म्हणजे ॲपचं सिस्टीममधलं नाव, नीट वाचून काढा. कीबोर्ड किंवा होम स्क्रीनचं ॲप उडवलंत तर तासभर डोकं धरून बसाल. यात बूटलोडर (फोन सुरू होताना कुठली सिस्टीम चालू द्यायची हे ठरवणारं कुलूप) उघडावा लागत नाही आणि डेटाही जात नाही.

तरीही रूटच करायचा असेल तर आताची रीत वेगळी आहे. आमच्या त्या फोनचा बूटलोडर उघडाच होता, तुमचा बंद असणार. तो उघडताना फोन आतून पूर्ण पुसला जातो, फोटोंसकट. हे धोक्यात मोडत नाही, ते तसंच ठरवून बनवलेलं आहे, म्हणजे चोराला फोन उघडून तुमचा डेटा वाचता येऊ नये. आधी सगळं बाहेर काढून ठेवा. काही कंपन्या बूटलोडर उघडू देतच नाहीत, काही अर्ज घेऊन थांबायला लावतात. पुढे आपल्या बिल्ड नंबरचीच बूट इमेज (फोन सुरू करणारी फाईल) घ्यायची, मॅजिस्क या रूट करणाऱ्या ॲपने पॅच करायची आणि फास्टबूटने, म्हणजे संगणकावरून फोनमध्ये फाईल चढवणाऱ्या साधनाने, चढवायची. मूळ इमेज जपून ठेवायची, तीच परतीची वाट. काही नव्या फोनांत बूटऐवजी इनिट-बूट पॅच करावी लागते, तुमच्या मॉडेलचं आधी वाचा. दुसऱ्या मॉडेलची किंवा जुन्या आवृत्तीची फाईल 'चालून जाईल' म्हणून चढवू नका. अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीकडे परतायला बंदी, असलेला फोन जुनं सॉफ्टवेअर चढवताच कायमचा बंद पडू शकतो, आणि तेव्हा तुमचा दुकानदार बरोबर ठरेल. एका क्लिकमध्ये रूट करून देतो म्हणणाऱ्या ॲपला हात लावू नका. फोनची सगळ्यात मोठी किल्ली अनोळखी माणसाला देण्यासारखं आहे ते.

आणि हे आधी सांगायला हवं होतं. तुमच्या फोनवर बँकेची आणि यूपीआयची ॲप्स असतील तर रूट करू नका. ही ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की फोन मूळ अवस्थेत आहे का. रूट न करता नुसता बूटलोडर उघडला तरी उत्तर 'नाही' येऊ शकतं. लपवण्याचे मॉड्यूल मिळतात, आज चालतात, पुढच्या अपडेटला बंद पडतात. मासळीवालीपुढे क्यूआर कोड समोर धरून उभं राहायचं आणि ॲप उघडू नये, हे मी केलंय. बूटलोडर उघडल्यावर बऱ्याच फोनांत वाइडवाइन, म्हणजे सिनेमांची नक्कल रोखणारी गूगलची व्यवस्था, वरच्या एल१ पातळीवरून खालच्या एल३ वर येते, मग सिनेमे एचडीत दिसत नाहीत. सॅमसंग असेल तर नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, फ्यूज एकदा उडाला की परत जोडता येत नाही, सिक्युअर फोल्डर कायमचं जातं. या बाबतीत माझ्या भावाचं आज अर्धं बरोबर आहे आणि ते मी त्याच्यापुढेही कबूल करतो. २०१२ मध्ये मात्र त्याचं साफ चुकलं होतं.

जुना फोन कपाटात पडलेला असेल तर त्यावर शिका. सिम काढा, बँकेचं काही ठेवू नका, लिनिएजओएस (सायनोजेनमॉडचीच पुढची पिढी) त्या मॉडेलला मिळते का बघा आणि एक शनिवार त्यात घाला. नव्या फोनचं मॉडेल आणि नको असलेल्या ॲप्सची नावं खाली लिहा, कुठली पॅकेजेस सुखरूप काढता येतील ते मी बघून सांगतो. आणि पुढच्या वेळी त्या दुकानात गेलात तर त्याला शांतपणे विचारा, रूट केल्याने चार्जिंगच्या पिना कशा गंजतात.