कॉलेज स्वायत्त झालं आणि विद्यापीठाचा त्याला आक्षेप असेल, तर ठाण्यातल्या विद्यार्थ्याच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव राहतं का?

राहतं. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल स्वतः बघतं. पदवी मात्र विद्यापीठच देतं, तीवर कॉलेजचंही नाव असतं. त्यामुळे निर्धास्त प्रवेश घ्या.

विद्यापीठांचा खरा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 15 वर्षांत संलग्नता, म्हणजे कॉलेजांचं विद्यापीठाशी जोडलेलं असणं, टप्प्याटप्प्याने संपवायची असं म्हटलंय. म्हणजे 1857 पासूनच्या विद्यापीठाने दर्जा ठरवायचा नाही, तोपर्यंत फक्त शिक्का मारायचा! तक्रार रास्त वाटते. छोट्या कॉलेजांकडे प्रश्नपत्रिका काढायलाही पुरेसे प्राध्यापक नसतात. पण 2017 मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीत निकाल महिनोन्‌महिने रखडवले ते विद्यापीठानेच, हेही ठाणेकर विसरलेले नाहीत. कॉलेज निवडताना तिथे कायमस्वरूपी प्राध्यापक किती, ते आधी विचारा.