वाचक विचारतात: टेलर स्विफ्टचा बाज नेमका कधी बदलला?

प्रश्न: मुलीच्या मते टेलर स्विफ्ट '1989'पासून खरी बहरली. मला मात्र तिची बँजोवाली जुनी गाणीच जवळची वाटतात. पुढे ती पैशांसाठी कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण बाजाचं संगीत) सोडून पॉपकडे गेली, असं माझं मत आहे. बरोबर कोण? (नाशिक)

उत्तर: ऑगस्ट 2014मध्ये '1989' हा आपला पहिला अधिकृत पॉप अल्बम असल्याचं तिनं स्वतःच जाहीर केलं, म्हणून सगळे तेच साल धरून बसतात. बदलाची सुरुवात मात्र 2008मध्येच झाली होती. 'लव्ह स्टोरी' या गाण्याची रेडिओसाठी दोन मिश्रणं झाली. कंट्री वाहिन्यांना दिलेल्या मिश्रणात बँजो आणि फिडल पुढे होते, पॉप वाहिन्यांना दिलेल्या मिश्रणात ती वाद्यं मागे सारली होती. चाल आणि शब्द मात्र तेच. 2012च्या 'रेड'मध्ये दोन्ही बाज एकाच अल्बमात शेजारी बसले. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्या धाटणीची गाणी एकीकडे, मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक या स्वीडिश निर्मात्यांच्या जोडीबरोबरची तीन गाणी दुसरीकडे. त्या तीन गाण्यांपैकी 'आय न्यू यू वेअर ट्रबल'च्या ध्रुवपदात डबस्टेपचा (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार) बास अंगावर येतो. '1989'मध्ये फक्त पहिली बाजू गळाली.

पैशांचा आरोप आम्हाला पटत नाही. 'फिअरलेस' हा 2009मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम होता आणि 2010मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. कंट्री रेडिओचा हक्काचा श्रोता तिच्या हातात होता. तो सोडण्यात जोखीम होती. बँजो गेल्याचं दुःख मात्र खरं आहे. तुम्ही 2020चं 'बेटी' ऐका. त्यात हार्मोनिका आहे, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिनं ते कंट्री संगीताच्या पुरस्कार सोहळ्यात गायलं.

प्रश्न: तिची जुनी आणि नवी गाणी गिटारवर वाजवतो तेव्हा सगळी सारखीच वाटतात. माझं काही चुकतंय का? (पुणे)

उत्तर: चुकत नाहीये. तुमच्या हाताला जे कळलं, ते पुष्कळ समीक्षकांच्या लेखांत सापडत नाही. 'लव्ह स्टोरी' डी मेजरमध्ये आहे आणि तिच्या मुख्य कॉर्ड डी, ए, बी मायनर, जी. कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावा, म्हणजे हाताला सी, जी, ए मायनर, एफ हे आकार पुरतात. '1989'मधलं 'ब्लँक स्पेस' एफ मेजरमध्ये आहे: एफ, डी मायनर, बी फ्लॅट, सी. कॅपो पाचव्या फ्रेटवर लावा. आकार पुन्हा तेच चार, फक्त क्रम सी, ए मायनर, एफ, जी असा. सहा वर्षांच्या अंतरानं आलेल्या दोन गाण्यांचा सांगाडा जवळजवळ एकच आहे. बाज बदलला तो ठेक्यात आणि वाद्यमेळात.

तो फरक गिटारवर आणायचा तर उजवा हात बदलावा लागतो. 'लव्ह स्टोरी'त सगळ्या तारा मोकळ्या वाजू द्या, मिनिटाला साधारण 119 ठोके. 'ब्लँक स्पेस' 96वर ठेवा आणि तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून स्वर दाबून वाजवा. मूळ अंतऱ्यात ठेका आणि थोडेसे लांबवलेले स्वर सोडले तर फार काही नाही. तिथं नेहमीसारखं भरभरून स्ट्रमिंग केलं की गाण्यातली पोकळी बुजते आणि नेमकं तिथंच ते 'जुन्यासारखं' वाटू लागतं.

आणखी दोन अडचणी येतील. 'लव्ह स्टोरी'च्या शेवटच्या ध्रुवपदात पट्टी एका पूर्ण स्वरानं चढून ई होते. तिथं कॅपो हलवायला वेळ मिळत नाही. तो दुसऱ्या फ्रेटवरच राहू द्या आणि डी, ए, बी मायनर, जी या आकारांवर जा. तारा खरखरत असतील तर कॅपो फ्रेटच्या मधोमध बसला असणार. तो पुढच्या धातूच्या पट्टीला जवळजवळ चिकटवून लावा.

प्रश्न: तिच्या 'फोकलोर' अल्बमचं एवढं कौतुक होतं, पण मला तो मिळमिळीत वाटला. बसमध्ये फोनवर दोनदा पूर्ण ऐकला. (कोल्हापूर)

उत्तर: निम्मा दोष बसचा आहे. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जातले स्वर नीट बाहेरच येत नाहीत आणि इंजिनाची घरघर उरलेले झाकते. '1989'मधले ढोल आणि सिंथ ठसठशीत आहेत, ते त्या गोंगाटातूनही कानावर पोहोचतात. जुलै 2020चा 'फोकलोर' दबक्या पियानोवर आणि खालच्या पट्टीतल्या, माइकच्या अगदी जवळून घेतलेल्या आवाजावर उभा आहे. कोरोनाकाळात तिचा सहनिर्माता ॲरन डेसनर न्यूयॉर्क राज्यातून वाजवलेले ट्रॅक पाठवत होता आणि ती लॉस एंजेलिसच्या घरी गात होती. त्या एकान्ताचा आवाज बसमध्ये हरवणारच.

रात्री हेडफोन लावून, आवाज निम्म्यावर ठेवून फक्त तीन गाणी ऐका: दुसरं 'कार्डिगन', आठवं 'ऑगस्ट', चौदावं 'बेटी'. एकाच प्रेमप्रकरणाच्या या तीन बाजू आहेत, आणि प्रत्येकीत बोलणारी व्यक्ती वेगळी. पहिल्या फेरीत शब्द सोडा, ठेका आणि पियानो ऐका. दुसऱ्या फेरीत शब्द. अल्बमच्या उत्तरार्धात काही गाण्यांची लय एकमेकांच्या फार जवळ येते, ही तक्रार मात्र आम्हालाही मान्य आहे. सोळा गाणी एका बैठकीत ऐकू नका.

प्रश्न: बदल समजून घ्यायला मूळ ध्वनिमुद्रणं ऐकावीत की 'टेलर्स व्हर्जन', म्हणजे तिनं जुने अल्बम पुन्हा गाऊन काढलेल्या आवृत्त्या? (न्यू जर्सी)

उत्तर: त्यासाठी मूळच. 'फिअरलेस'चं नवं ध्वनिमुद्रण एप्रिल 2021चं आहे, तेव्हा ती 31 वर्षांची होती. किशोरवयातला तो पातळ, किंचित अनुनासिक गळा त्यात नाही. अल्बमच्या नावापुढे 'टेलर्स व्हर्जन' लिहिलंय का, एवढं तपासा.

प्रश्न: 2025च्या अल्बमवर इतकी टोकाची मतं का? (ठाणे)

उत्तर: 2024च्या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत 31 गाणी होती, शब्दांनी खच्चून भरलेली. ऑक्टोबर 2025मध्ये ती मार्टिन आणि शेलबॅककडे परतली आणि 12च गाणी दिली. 'फोकलोर'मुळे जवळ आलेल्या श्रोत्यांना शब्द उथळ वाटले; '1989'वाल्यांना आपली गायिका परत मिळाली. आमचं मत विचाराल तर ठेका आणि चाली घट्ट आहेत, लेखन मात्र 'ऑगस्ट'च्या उंचीला क्वचितच पोहोचतं.