वॉशिंग्टन हे आडनाव मूळचं कुठलं, आणि अमेरिकेत ते बहुतेक कृष्णवर्णीय लोकांचंच का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या अमेरिकन टीममधे वॉशिंग्टन आडनावाचे दोघं आहेत, दोघंही कृष्णवर्णीय, एकमेकांचे कोणीही लागत नाहीत, मग हे जॉर्ज वॉशिंग्टनचे वंशज म्हणायचे की कसं. थेट वंशज तर नाहीतच, कारण जॉर्ज वॉशिंग्टनला मूलबाळच नव्हतं. पण तेवढ्यावर सोडून दिलं तर सगळी मजा जाईल, जरा वेळ काढून वाचा.

आधी मी हे कशाला सांगतोय ते. मी कंपनीच्या कामाने दोन वर्षं वॉशिंग्टनमधे राहिलोय, पण अमेरिकेतल्या नाही, इंग्लंडमधल्या. न्यूकॅसल आणि संडरलंडच्या मधे आहे, शेजारी निस्सानचा भलामोठा कारखाना. आईने अख्ख्या भावकीत सांगून ठेवलेलं की पोरगा वॉशिंग्टनला असतो, त्यामुळे सुट्टीला आलो की एक काका दर वेळी विचारायचे, व्हाईट हाऊस किती लांब रे तुझ्या रूमपासून. मी पण शेवटी चालत वीस मिनिटं सांगायला लागलो.

आता हे वॉशिंग्टन बघायला गेलं तर १९६४ साली सरकारने घोषित केलेलं नवं शहर, सगळे रस्ते, राउंडअबाउट आणि एकसारखी घरं. पण मधोमध जुनं गाव अजून शाबूत आहे, चर्च आहे आणि चर्चच्या खालच्या अंगाला एक दगडी वाडा, ओल्ड हॉल. हा वाडा एकेकाळी चाळीसारखा झालेला, खोल्याखोल्यांत गरीब कुटुंबं कोंबलेली, १९३० च्या दशकात राहायला अयोग्य म्हणून पाडणारच होते पण गावातल्या एका शाळामास्तरने लोक गोळा करून वाचवला. १९७७ साली अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर तिथे येऊन झाड लावून गेले. ज्या माणसाच्या नावावर त्यांची राजधानी, त्याचं आडनाव या गावातलं, म्हणून.

नावाचा अर्थ सांगतो, कारण लोकांना कपडे धुण्याशी काहीतरी आहे असं वाटतं. काही संबंध नाही. शेवटचं 'टन' म्हणजे जुन्या इंग्रजीत वाडी, शेतवस्ती. मधलं 'इंग' म्हणजे अमक्याची माणसं. आणि सुरुवातीला व्हासा की असंच काहीतरी नाव असलेला कोणी सॅक्सन बाप्या. म्हणजे व्हासाच्या माणसांची वाडी, संपलं. दक्षिणेला ससेक्समधे याच नावाचं अजून एक गाव आहे ते वेगळं, त्यात गोंधळ करू नका.

मग गावाचं आडनाव कसं झालं? साधारण ११८३ च्या सुमारास विल्यम डी हर्टबर्न नावाचा एक सरदार होता, डी म्हणजे 'चा', आपल्या भाषेत हर्टबर्नकर म्हणा. त्याने डरहमच्या बिशपबरोबर गावांची अदलाबदल केली, हर्टबर्न देऊन वॉशिंग्टन घेतलं, वर्षाला ४ पाउंड खंड आणि बिशप मोठ्या शिकारीला निघाला की ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहायचं अशी अट. (त्या भागात बिशप म्हणजे जवळजवळ राजाच, नुसता धर्मगुरू समजू नका.) गाव बदललं तसं नाव पण बदललं, हर्टबर्नकर होता तो डी वेसिंग्टन झाला. आपल्याकडे गाव सोडून दुसरीकडे गेल्यावर लोक 'कर' लावतात, गावात असताना कोण कशाला म्हणेल. इथे उलटं, ज्या गावाचा मालक त्या गावाचं नाव. हे लक्षात ठेवा हां, या घराण्यातला पहिला माणूससुद्धा या नावाने जन्मला नव्हता, त्याने ते घेतलं.

पुढची दोनतीनशे वर्षं मी उडवतो, कारण नुसती जमीन, लग्नं आणि वेसिंग्टन, वॉसिंग्टन अशी स्पेलिंगं. एक फांदी लँकेशायरमधे वॉर्टनला गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थम्प्टनला येऊन लोकरीच्या धंद्यात उतरला, पैसा केला, दोनदा मेयर झाला. त्याच सुमाराला आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढलेल्या, तर या लॉरेन्सने १५३९ साली त्याच भागातल्या सल्ग्रेव्ह गावची जमीन घेतली, ३२४ पाउंड १४ शिलिंग १० पेन्सला. शेवटचे १० पेन्स कोणी घासाघीस करून ठरवले असतील हा प्रश्न मला फार पडतो. त्यांच्या ढालीवर दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे, तेच चिन्ह आज वॉशिंग्टन डीसीच्या झेंड्यावर आहे, १९३८ पासून. अमेरिकेचा झेंडा पण त्यावरूनच आला असं गाइड लोक रंगवून सांगतात, त्याला पुरावा काही नाही.

मग घराण्याला उतरती कळा. सल्ग्रेव्हवाल्याच्या वंशातला अजून एक लॉरेन्स (यांच्यात आपल्यासारखीच आजोबांची नावं फिरत राहतात) एसेक्समधे पर्लीच्या चर्चचा पाद्री होता. यादवी युद्धात १६४३ साली पार्लमेंटवाल्यांनी त्याला काढून टाकलं, आरोप काय तर हा सारखा दारूच्या गुत्त्यावर असतो. खरं कारण बहुधा तो राजाच्या बाजूचा होता हे. आता बापाची नोकरी गेली, इस्टेट नाही, मग पोरगा जॉन १६५६ मधे जहाजावर चढला, तंबाखूच्या व्यापाराला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला. १६५७ च्या सुरुवातीला परतीच्या वाटेवर जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. ते दुरुस्त होईपर्यंत तो तिथे थांबला आणि थांबलाच, कारण तिथल्या एका बड्या जमीनदाराची मुलगी ॲन पोप हिच्याशी लग्न ठरलं आणि सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. हा जॉन म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा. जहाज रुतलं नसतं तर काय, असले विचार रात्री दोनला येतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि खरं तर मोठा भाग. तंबाखू म्हटलं की गुलाम आले. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ साली वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर, म्हणजे त्याच्या व्हर्जिनियातल्या इस्टेटीवर, ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे, बाकीचे बहुतेक बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. स्वतःच्या १२३ जणांना मुक्त करायचं त्याने मृत्युपत्रात लिहिलं आणि १८०१ च्या १ जानेवारीला ते मुक्त झाले. सगळीकडे असं सांगतात की म्हणून त्यांनी त्याचं आडनाव लावलं. पण त्या लोकांपैकी वॉशिंग्टन लावलेले फार थोडे सापडतात. आणि बाकीच्या वॉशिंग्टन कुटुंबाने काही मुक्त बिक्त केलं नाही. माउंट व्हर्नन ज्याला मिळालं तो पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टन, चक्क सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश, त्याने १८२१ मधे आपले ५४ गुलाम विकून लुइझियानाला पाठवले. भाऊ, पुतणे, चुलत असा हा गोतावळा व्हर्जिनियाभर पसरलेला आणि प्रत्येकाकडे गुलाम. त्यामुळे काही जणांचं आडनाव मालकावरून आलं हे खरं, पण ज्यांचा मालक वेगळ्याच नावाचा होता अशा पुष्कळांनी १८६५ ला गुलामगिरी संपल्यावर ते स्वतः निवडलं. नाव मोठ्या माणसाचं, देशाच्या पहिल्या अध्यक्षाचं, कोणालाही माहीत असलेलं.

बुकर टी. वॉशिंग्टनचंच घ्या. १८५६ साली व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्म, मालकाचं आडनाव बरोज. मुक्त झाल्यावर शाळेत गेला तर हजेरी घेताना बाकीच्या पोरांना दोन दोन नावं आणि याला एकच. त्याची पाळी आली तेव्हा याने थंडपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, वॉशिंग्टन फर्ग्युसन. म्हणजे जॉर्जच्या घराशी काडीचा संबंध नाही, हजेरीच्या रांगेत बसून तयार झालेलं आडनाव. हे उसनं आणि जॉर्जचं खरं असं कोणी म्हणालं तर त्यांना हर्टबर्नचा विल्यम दाखवा.

मला सगळ्यात आवडतो तो हॅरी वॉशिंग्टन. पश्चिम आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनने विकत घेतलेला. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिशांनी जाहीर केलं की बंडखोरांचे गुलाम आमच्या बाजूने आले तर मुक्त, तेव्हा हा १७७६ मधे पळून ब्रिटिशांकडे गेला. म्हणजे मालक स्वातंत्र्यासाठी लढतोय आणि त्याचा गुलाम स्वातंत्र्यासाठी त्याच्याविरुद्ध. ब्रिटिश हरले, १७८३ ला न्यूयॉर्कहून जहाजाने तो कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेला, जहाजाच्या यादीत वॉशिंग्टन आडनावासकट नोंद आहे. तिथे थंडी आणि वाईट जमीन, म्हणून १७९२ मधे पश्चिम आफ्रिकेतलं सिएरा लिओन, फ्रीटाउन. आणि तिथेही वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने जमिनीवर कर लावला तर १८०० सालच्या बंडात हा सामील, पकडून हद्दपार केला. बघा, डरहमजवळच्या एका गावाचं नाव इंग्लंड, व्हर्जिनिया, कॅनडा करत आफ्रिकेला पोचलं आणि पोचवणारा वॉशिंग्टनांच्या रक्ताचा नव्हताच.

आकडा हवा असेल तर अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत १,६३,०३६ लोकांनी हे आडनाव लावलेलं आणि त्यात सुमारे ९० टक्के कृष्णवर्णीय. इंग्लंडमधे मला दोन वर्षांत या आडनावाचा एक माणूस भेटला नाही, खुद्द त्या गावात पण. बाकी गायिका डायना वॉशिंग्टनसारखे लोक पण आहेत, तिचं जन्मनाव रूथ जोन्स, वॉशिंग्टन हे स्टेजवरचं. आणि नट डेन्झेल वॉशिंग्टनचं तर पहिलं नावही इंग्लंडातलं गावठाण, डेन्झेल ही कॉर्नवॉलमधली जागा. हे कळल्यावर मी एकटाच बसून हसलो होतो.

तुमच्या त्या दोघांना 'जॉर्जचे कोण तुम्ही' असं विचारू नका, ते आयुष्यभर तेच ऐकत आले असणार. चांगली ओळख असेल आणि त्यांनीच विषय काढला तर १८७० च्या जनगणनेत त्यांची माणसं कुठल्या राज्यात, कुठल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) होती ते विचारा. कारण सगळ्या कृष्णवर्णीयांची नावं लिहिलेली ती पहिली जनगणना. त्याच्या आधी १८५० आणि १८६० मधे गुलामांची वेगळी यादी असायची, त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. पुरुष ३०, काळा. बाई २२, काळी. मूल १. तिथे बहुतेकांचा शोध अडकतो, आणि मग ते लोक मालकांची मृत्युपत्रं आणि विक्रीच्या पावत्या चाळत बसतात, एखादं पहिलं नाव जुळतंय का बघत.