‘लोडिंग’ला झेकमध्ये काय म्हणतात?

प्रश्न थोडक्यात असा. चाकणच्या एका कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून झेकमध्ये नेण्याचं काम चालू आहे आणि एक वाचक त्यात मदत करतात. प्रक्रिया आणि कृती सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांचा त्यांनी एक तक्ता केला. लोडिंग, सेव्हिंग, वेल्डिंग, डेव्हलपमेंट, प्रोसेस, कंट्रोल, सेटिंग असे शब्द आणि प्रत्येकापुढे एकेक झेक शब्द. झेक सहकाऱ्याने तो तपासला, निम्म्या ओळींवर लाल रेघ मारली आणि एकेका शब्दापुढे तीन-चार पर्याय लिहून परत पाठवला. वाचक विचारतात, यातला बरोबर कुठला? आणि एका शब्दाला इतके लागतात तरी का?

बहुधा सगळेच बरोबर आहेत. इंग्रजीचं ‘-इंग’ लावलेलं नाम बऱ्याच गोष्टी झाकून ठेवतं. झेक त्या उघड करायला लावते. काम चालू आहे की पुरं झालं? कामाचं नाव हवंय की कामातून जे निघालं त्याचं? आणि काम नेमकं कशावर होतंय? ही उत्तरं मिळेपर्यंत झेक माणसाला शब्द निवडता येत नाही. (पुढे झेक शब्द देवनागरीत लिहिले आहेत. त्यातला ‘र्झ’ हा एकच ध्वनी आहे, र आणि झ एकाच वेळी उच्चारल्यासारखा. ह्रस्व आणि दीर्घ ‘आ’ मात्र इथे वेगळे दाखवता येत नाहीत.)

‘लोडिंग’च घेऊ. ट्रकमध्ये माल चढवणं म्हणजे ‘नाक्लादानी’. मालवाहतुकीच्या कागदांवर त्याला ‘नाक्लातका’ही म्हणतात. पडद्यावर पान उघडत असताना दिसतं ते ‘नाचीतानी’, म्हणजे शब्दशः वाचून आत घेणं. बंदूक भरणं आणि बॅटरी चार्ज करणं या दोन्हींना ‘नाबीयेनी’. तुळईवर किंवा शाफ्टवर येणारा भार म्हणजे ‘झातीझेनी’. संगणक सुरू होताना प्रणाली स्मृतीत आणणारा छोटा प्रोग्राम ‘झावाद्येच’, आत घेऊन येणारा. तुमच्या तक्त्यात ‘नाक्लादानी’ एकटंच असेल, तर बॅटरीच्या पानावर वाचणाऱ्याला वाटेल की बॅटरी उचलून गाडीत ठेवायची आहे. याच ‘नाक्लादात’ क्रियापदावरून मुरवलेल्या काकड्यांना ‘नाक्लादाने ओकुर्की’ म्हणतात. मीठ-व्हिनेगरात घालून ठेवणं हेही त्यांच्या लेखी एक प्रकारचं रचून ठेवणंच. मराठीत आपण गाडी भरतो, बंदूक भरतो, लोणचं बरणीत भरतो. त्यामुळे या शब्दाचा पसारा मराठी माणसाला चटकन समजतो.

आता खरा अवघड भाग. झेकमध्ये बहुतेक क्रियापदं जोडीने येतात. एक रूप चालू असलेल्या किंवा पुन्हापुन्हा होणाऱ्या कामाचं, दुसरं काम एकदाच आणि अखेरपर्यंत झाल्याचं. ‘सेव्ह’साठी ही जोडी ‘उक्लादात’ आणि ‘उलोझित’. बटणावर असतं ‘उलोझित’, कारण बटण दाबणाऱ्याला काम पुरं व्हायला हवं असतं. फाइल साठवली जात असताना पडद्यावर ‘उक्लादानी’ येतं आणि साठवून झाली की ‘उलोझेनो’. आपल्याकडे हेच ‘जतन करा’, ‘जतन होत आहे’, ‘जतन झाले’ असं तीन पायऱ्यांत लिहितात. फरक एवढाच की मराठी बटण आज्ञार्थी बोलतं आणि झेक बटण क्रियापदाचं मूळ रूप दाखवतं.

या जोडीत एक गोष्ट आहे जिच्यामुळे माहितीपुस्तिकेत खरीच चूक होऊ शकते. पूर्णतेच्या रूपाला वर्तमानकाळ नसतो. त्याचं वर्तमानासारखं दिसणारं रूप भविष्य सांगतं. ‘से उक्लादा’ म्हणजे साठवलं जात आहे, पण ‘से उलोझी’ म्हणजे साठवलं जाईल. इंग्रजी वाक्य दोन्हीकडे झुकणारं असेल, तर भाषांतर करणाऱ्याला यंत्रापाशी जाऊन किंवा अभियंत्याला विचारून ठरवावं लागतं. नामांतही हा फरक टिकतो. ‘प्र्झेद उलोझेनीम’ म्हणजे जतन करण्याआधी, आणि ‘प्र्झि उक्लादानी’ म्हणजे जतन करताना. आधी-नंतर म्हणताना बहुधा पूर्णतेचं नाम येतं, दरम्यान म्हणताना चालू कामाचं. तुमच्या सहकाऱ्याने एकाच ओळीत ही दोन्ही नामं लिहिली असतील, तर त्यामागचं कारण हेच.

कानाला हे शिकवायचं असेल तर प्रागच्या मेट्रोसारखी शाळा नाही. १९७४ साली सुरू झालेल्या या मेट्रोत प्रत्येक स्थानकावर दारं लागताना एक वाक्य ऐकू येतं: ‘उकोन्चेते प्रोसीम वीस्तुप आ नास्तुप, द्वेर्झे से झावीरायी.’ कृपया उतरणं-चढणं आटपा, दारं बंद होत आहेत. ‘उकोन्चेते’ पूर्णतेचं, कारण प्रवाशाने काम संपवायचं आहे. ‘झावीरायी’ चालू कामाचं, कारण दार अजून सरकतंय. आणि मधली दोन नामं, ‘वीस्तुप’ आणि ‘नास्तुप’, ही ‘-नी’चा प्रत्यय न घेता थेट धातूवरून झालेली, आपल्या ‘चढ-उतार’सारखी. एवढ्या छोट्या वाक्यात क्रिया सांगण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि लहान मूलसुद्धा त्या रोज ऐकतं.

मनाई करताना पुन्हा पारडं फिरतं. ‘उघड’ म्हणायला पूर्णतेचं रूप, पण ‘उघडू नको’ म्हणायला सहसा चालू कामाचं. रेल्वेच्या खिडकीखालच्या जुन्या पट्ट्यांवर ‘नेनाहीबेयते से झ ओकेन’, खिडकीतून बाहेर वाकू नका, असं याच रूपात लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेतल्या धोक्याच्या सूचना एकदा या नजरेने तपासून घ्या. आज्ञेच्या वाक्याला नुसता नकाराचा ‘ने’ जोडून मनाई तयार केली असेल, तर झेक वाचकाच्या कानाला ते खटकेल.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपणही काम पुरं झालं की नाही हे क्रियापदात सांगतो, फक्त शेपटाकडून. लिहिणं वेगळं, लिहून काढणं वेगळं, लिहून टाकणं वेगळं, लिहून घेणं वेगळं, लिहीत बसणं तर फारच वेगळं. झेक हेच तोंडाकडून करते, उपसर्ग लावून. ‘प्सात’ म्हणजे लिहिणं. त्यावरून ‘नाप्सात’ लिहून पुरं करणं, ‘दोप्सात’ उरलेलं लिहून संपवणं, ‘प्र्झेप्सात’ पुन्हा लिहिणं, ‘ओप्सात’ बघून उतरवणं, ‘झाप्सात’ टिपून ठेवणं, ‘पोप्सात’ वर्णन करणं, ‘पोदेप्सात’ सही करणं, ‘प्र्झेदेप्सात’ डॉक्टरने औषध लिहून देणं. मी झेक शिकायला लागलो तेव्हा ही रूपं पाठ करायचा प्रयत्न फसला. प्रत्येकासमोर मराठी जोडक्रियापद लिहायला लागल्यावर ती मनात बसली.

प्रक्रियांच्या नावांकडे येऊ, कारण तुमच्या यादीत त्यांचीच गर्दी आहे. वर्कशॉपमधल्या प्रक्रियेचं नाव बहुधा चालू कामाच्या रूपावरून होतं: ग्राइंडिंगला ‘ब्रोउशेनी’, ड्रिलिंगला ‘व्र्तानी’, पोलाद तापवून एकदम थंड करण्याला ‘कालेनी’, मशिनिंगला एकंदर ‘ओब्राब्येनी’. वेल्डिंग म्हणजे ‘स्वार्झोवानी’. त्याच्या पोटात ‘वार्झित’, शिजवणं-उकळणं, हा धातू आहे. त्याच धातूवरून गरम मसालेदार वाइनला ‘स्वार्झाक’ म्हणतात. ती नाताळच्या बाजारात मिळते. धातू एकत्र ‘शिजवून’ जोडणं ही प्रतिमा मला फार आवडते. काही नामं मात्र कृती आणि फळ दोन्ही सांगतात. ‘र्झेशेनी’ म्हणजे प्रश्न सोडवण्याची क्रियाही आणि उत्तरही. तिथे सुटला असं निश्चित म्हणायचं असेल तर ‘विर्झेशेनी’ हे पूर्णतेचं रूप हाताशी असतं.

‘डेव्हलपमेंट’पाशी तर वेळ काढायलाच हवा. झेकमध्ये त्याचे निदान तीन वाटे होतात. ‘वीवोय’ म्हणजे एखादी गोष्ट आतून बाहेर उलगडत जाणं. मुलाची वाढ, सॉफ्टवेअरची निर्मिती, संशोधन आणि विकास यातला विकास (‘वीस्कुम आ वीवोय’) हे सगळं यात बसतं. ‘रोझवोय’ म्हणजे पसरत, फुलत जाणं. विकसनशील देश ‘रोझवोयोवे झेम्ये’, शाश्वत विकास ‘उद्रझितेल्नी रोझवोय’. आणि फिल्म धुणं म्हणजे ‘विवोलावानी’, ज्याचा शब्दशः अर्थ हाक मारून बाहेर बोलावणं. कागदावर चित्राला हाक मारून आणणं! पहिल्या दोन शब्दांत गुंडाळण्या-वळण्याचा एकच जुना धातू आहे, फक्त ‘वि-’ बाहेर नेतो आणि ‘रोझ-’ चहूकडे पसरवतो. आपला ‘विकास’ही मुळात फुलणंच, कमळ विकसतं तसं. म्हणूनच ‘ग्रामविकास’ कानाला गोड लागतो आणि ‘सॉफ्टवेअर विकास’ म्हणताना किंचित अडखळायला होतं. तुमच्या पुस्तिकेत ‘डेव्हलप्ड बाय’ असेल तर तिथे ‘वीवोय’चं कुळ घ्या.

‘प्रोसेस’साठी ‘प्रोत्सेस’ चालतं, उत्पादनप्रक्रियेला तर सर्रास. पण त्याचा दुसरा अर्थ न्यायालयातला खटला असा आहे आणि तो झेक मनात खोल आहे. १९५० मध्ये कम्युनिस्ट राजवटीने विरोधी राजकारणी मिलादा होराकोवा यांच्यावर चालवलेल्या खटल्याला आणि त्या काळातल्या तशा इतर खटल्यांना ‘पोलितित्स्के प्रोत्सेसी’, राजकीय खटले, म्हणतात. कारखान्यातल्या क्रमवार कामासाठी ‘पोस्तुप’ जास्त नेमका. ‘तेखनोलोगित्स्की पोस्तुप’ म्हणजे कुठल्या यंत्रावर आधी काय आणि मग काय याचा कागद. भौतिकशास्त्रात वायूवर तापमान स्थिर ठेवून होणारी प्रक्रिया ‘द्येय्’ असते. तोच शब्द नाटकातल्या घटनाक्रमाला आणि व्याकरणात क्रियापदाच्या अर्थालाही लागतो, आणि इतिहासाला ‘द्येयिनी’ म्हणतात, म्हणजे घडलेलं.

‘कंट्रोल’ला ‘कोन्त्रोला’ लिहिलं असेल तर ती ओळ नक्की लाल झाली असणार. ‘कोन्त्रोला’ म्हणजे तपासणी, जशी तिकीट तपासनीस करतो तशी. यंत्रावर ताबा ठेवणं म्हणजे ‘र्झीझेनी’ किंवा ‘ओव्लादानी’. ‘र्झीझेनी’त गाडी चालवणं, संस्थेचं व्यवस्थापन आणि प्रशासकीय कारवाईही येते. उसने शब्द घरी आले की स्वतःचा अर्थ धरतात. आपल्याकडेही ‘कंट्रोलचे तांदूळ’ म्हटलं की जुन्या माणसांना रेशनचं दुकान आठवतं.

एकेक शब्द बरोबर आला तरी वाक्य बिघडू शकतं. प्राग भाषावैज्ञानिक मंडळ १९२६ मध्ये स्थापन झालं, त्यात पुढाकार घेणारे विलेम माथेसियुस हे चार्ल्स विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजी कृती नामांत दाबून बसवते आणि झेक तीच क्रियापदाने मोकळी करते, हा फरक त्यांनी मांडला. त्यांचे शिष्य योसेफ वाखेक यांनी १९५५ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. पुस्तिकेतलं उदाहरण घ्या: पंप सुरू करण्यापूर्वी व्हॉल्व बंद न करणे नुकसानीस कारणीभूत ठरू शकते. झेकमध्ये ‘नेउझाव्र्झेनी वेन्तिलु’ असं नाम करून हे जसंच्या तसं लिहिता येतं, व्याकरणही चुकत नाही, पण कागद सरकारी होतो. ‘ग्दिश् नेझाव्र्झेते वेन्तिल, चेर्पाद्लो से पोश्कोदी’ म्हणजे व्हॉल्व बंद केला नाही तर पंप बिघडेल. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. तसंच ‘स्वच्छता पार पाडणे’ या धर्तीचं ‘प्रोवेस्त चिश्त्येनी’ टाळून सरळ ‘विचिस्तित’ लिहा. मराठीतल्या ‘करण्यात यावे’ला जो उपाय, तोच इथे.

वाचकांनी आणखी एक विचारलं होतं: सरळ इंग्रजी शब्दच का वापरत नाहीत? वापरतात, पण आपल्या साच्यात घालून. मीटिंगचं ‘मीतिंक’ झालं, ट्रेनिंगचं ‘त्रेनिंक’, आणि दोन्हींना विभक्ती लागतात. इन्स्टॉलचं ‘इन्स्तालोवात’ झालं आणि लगेच उपसर्ग चिकटले: ‘नाइन्स्तालोवात’ बसवून टाकणं, ‘ओदिन्स्तालोवात’ काढून टाकणं, ‘प्र्झेइन्स्तालोवात’ पुन्हा बसवणं. एकोणिसाव्या शतकात मात्र प्रयत्न वेगळा होता, झेक धातूंवरून नवे शब्द घडवण्याचा. निसर्गवैज्ञानिक यान स्वातोप्लुक प्रेस्ल यांनी रसायनशास्त्राला ‘लुच्बा’ म्हटलं, वेगळं करण्याची विद्या, ‘लोउचित’ या धातूवरून. तो शब्द टिकला नाही, ‘खेमिये’ रुजलं. पण त्याच पिढीतल्या घडणीचा ‘दुसीक’, म्हणजे गुदमरवणारा, हा नायट्रोजन आजही प्रत्येक झेक शाळेत शिकवतात.

राहिलं ‘सेटिंग’. फोनच्या किंवा पॅनेलच्या मेनूत ते ‘नास्तावेनी’. पण काम सुरू होण्याआधी लेथ जुळवून घेणं म्हणजे ‘सेर्झीझेनी’, मघाच्या ‘र्झीझेनी’च्याच कुळातलं. आणि चाकणच्या शॉपफ्लोअरवर ज्याला तुम्ही सेटर म्हणता, तो त्यांच्याकडे ‘सेर्झिझोवाच’. पुस्तिकेत जिथे जिथे सेटरने करायचं काम आहे तिथे हे कुळ, आणि जिथे ऑपरेटरने बटण दाबून आकडा भरायचा आहे तिथे ‘नास्तावेनी’, अशी ती ओळ दोन भागांत वाटून सहकाऱ्याकडे पाठवा.