इराणी हॉटेलच्या खुर्च्या: विकायच्या आधी पालथ्या करून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. गिरगावातलं इराणी हॉटेल बंद होताना आजोबांनी घेतलेल्या सहा खुर्च्या, आणि डीलर म्हणतो रिप्रॉडक्शन आहे, पाचशेला एक घेतो. माझं सेम, फक्त माझ्या आठ होत्या.

रिप्रॉडक्शन म्हणजे कचरा नव्हे हो. व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर कंपनीने ही वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, तिचं १४ नंबरचं मॉडेल, १८५९ ला काढली, १८६९ ला पेटंट संपलं आणि मग जे. अँड जे. कोन वगैरे दुसऱ्या कंपन्याही तशाच बनवायला लागल्या, म्हणजे कॉपीसुद्धा शंभरी गाठलेली असू शकते. बघायचं ते हे की बीच नावाच्या झाडाचं लाकूड वाफेवर वाकवलंय की इथल्या सुताराने सागात कापून जोडलंय. पाठीच्या वळणावर बॅटरी मारा, वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात, कापलेल्यात कडेला जाऊन तुटतात. सीटखाली कंपनीचा शिक्का असला आणि त्यात झेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८ नंतरची.

आता मी खाल्लेली माती. सीटच्या रिंगला आतून बोटभर तपकिरी कागद होता, म्हणजे कंपनीचं लेबल, शेजारी लाकडात डागलेला शिक्का. एका एक्स्पर्ट म्हणवणाऱ्यांना फोन केला, फोटो न मागताच म्हणाले आधी साफ करून आणा, मग किंमत लावतो. मी शहाणी, सात खुर्च्या पॉलिशवाल्याकडे टाकल्या, त्याने सँडर फिरवून मेलामाइनचं चकचकीत पॉलिश मारलं, कागद गेला, शिक्काही गेला. मग तेच साहेब विचारतात, पुरावा काय? पावतीवर रिप्रॉडक्शन लिहिलं आणि वर तपासणी फी घेतली!! अजून डोकं फिरतं.

तर आधी फोटो, आणि कागदाला ओलं फडकंही लावू नका. वेताची वीण फाटली असेल तर प्लाय ठोकू नका, दृष्टिहीन कारागीर सुंदर विणून देतात. भाव मी सांगणार नाही, मी काही एक्स्पर्ट नाही, पण सहा सारख्या असतील तर सेट फोडू नका एवढं नक्की. आणि लेकीकडे न्यू जर्सीला पाठवायचं म्हणताय, तर शंभरीच्या वरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो, आधी चौकशी करा.

माझी आठवी आत्याच्या माळ्यावर होती म्हणून वाचली. कागद अर्धा आहे अजून. तुमच्याशी ताडून बघायला फोटो हवा असेल तर सांगा, रविवारी जाणारे तिच्याकडे.